थोडं अजून खोल

“सिस्टर, मघाशी आत ते ‘पुश हार्डर, पुश हार्डर’ कोण म्हणत होतं?” कागदांवर सह्या करता करता त्या मुलानं मला विचारलं. त्याचे वडील जाऊन तासभरही झाला नव्हता. आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. मी म्हटलं, “ते मशीन बोलतं, दादा.” त्यानं मान हलवली, पुढच्या कागदावर सही केली आणि मग पेन हातात तसंच धरून म्हणाला, “म्हणजे कमी पडत होतं का?” तेवढ्यात अक्कलकोटहून आलेली त्याची आत्या रडत आत शिरली आणि तो उठून तिच्याकडे गेला. त्याला उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. रात्रीची वेळ असूनही सोलापूरच्या सात रस्ता चौकात डांबर गरम होतं, रिक्षात बसल्यावर सीटचं रेक्झिन पाठीला चिकटत होतं, आणि माझ्या डोक्यात तो मुलगा नव्हता, त्याचे वडीलही नव्हते. फक्त ते चार शब्द होते. कमी पडत होतं का?

आयसीयूत काम करणाऱ्यांना हे मशीन काय ते माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हृदय बंद पडलं की हातानं छाती दाबून रक्त फिरवत ठेवायचं, त्याला सीपीआर म्हणतात, आणि हे मशीन त्या वेळचं. शॉक द्यायच्या मशीनच्या पॅडसोबत एक चपटी चकती येते. ती छातीच्या मधल्या हाडावर ठेवायची आणि तिच्यावरच तळहात रोवून दाबायचं. मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरवणारा जो अ‍ॅक्सिलरोमीटर असतो, तसलाच तिच्यातही असतो. हाताची हालचाल कशी बदलते यावरून छाती किती खाली गेली आणि किती वर आली याचा हिशेब तो करतो. स्क्रीनवर खोली दिसते, मिनिटाला किती दाब पडतायत ते दिसतं, शेजारी टिक टिक असा ठेका चालू असतो. आणि दाब उथळ पडायला लागले की आतली बाई इंग्रजीत बोलते, ‘पुश हार्डर’, म्हणजे अजून जोरात दाबा. आमच्याकडे तिला सगळे ‘मॅडम’ म्हणतात. “मॅडम ओरडल्या का आज?” असं रात्रपाळीवाल्या सकाळच्या पाळीला विचारतात. आमच्या व्हरांड्यात मराठी, कानडी, तेलुगू अशी सगळी रडणी चालतात, पण मॅडमचं इंग्रजी दाराबाहेरही सगळ्यांना कळतं.

मॅडमची मागणी काही अवास्तव नसते. मोठ्या माणसाची छाती कमीत कमी पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, सहाच्या पुढे नको. वेग मिनिटाला 100 ते 120. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मध्ये थांबायचं नाही, थांबलंच तर दहा सेकंदांच्या आत पुन्हा सुरू करायचं, आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा. परीक्षेत हे आम्ही सगळ्यांनी घडाघडा लिहिलेलं आहे. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच, फुटपट्टीवर बघितलं तर किरकोळ अंतर. सत्तरीच्या माणसाच्या छातीवर ते भयंकर असतं. सुरुवातीच्या काही दाबांतच हाताखाली काहीतरी कट्कन मोडतं, आणि ते कानाच्या आधी मनगटाला कळतं. बरगडी. ती मोडली म्हणजे काही चुकलं असं नाही, नीट दाबताना ती मोडू शकते, हेही पुस्तकात आहे. पण त्या क्षणानंतर हात आपोआप हलका होतो. कुणी शिकवलेलं नसतं, कुणी ठरवलेलं नसतं. आतून कुठूनतरी येतं, की बाबा, आता पुरे, याला दुखेल. ज्याचं हृदय बंद पडलंय त्याला दुखेल म्हणून!

तेव्हा कमी पडतं ते काही हयगयीनं पडत नाही. निम्म्या वेळा ते मायेनं कमी पडतं.

उरलेल्या निम्म्या वेळा दमल्यामुळे. मिनिटभरातच दाब उथळ व्हायला लागतात आणि गंमत अशी, की दाबणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. त्याला वाटतं मी मघासारखाच दाबतोय. अनेक ठिकाणी माणसांना पुतळ्यावर दाबायला लावून हे तपासून झालंय. आणखी एक होतं. दमलेला माणूस नुसता हलका दाबत नाही, तो रेलतो. दाब सोडतानाही त्याच्या अंगाचं वजन छातीवरच राहतं. छाती वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरणार कधी? हृदयाला स्वतःला जे रक्त मिळतं तेही मुख्यतः दाब सोडल्यावरच. म्हणजे सोडणं हे दाबण्याइतकंच काम आहे, पण घाम गाळल्यासारखं दिसतं ते दाबण्यात, म्हणून सोडण्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

माझे वडील शहराच्या पूर्वभागातल्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे. आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे आता टीव्ही शेजारच्यांना ऐकू जाईल इतका मोठा लावतात. मी लहान असताना डबा घेऊन जायचे तेव्हा शेडमध्ये शिरलं की पोटात थरथरायचं. धोटा इकडून तिकडे आपटत असायचा, हवेत सुताची फुणकं, ती घामावर चिकटून बसायची. वडील एका मागाजवळ उभे राहून दुसऱ्याच मागाच्या चौकटीवर तळहात टेकवायचे आणि म्हणायचे, याचा पिकिंगचा पट्टा सैल झालाय. कान कधीच गेलेले होते, त्यांना हातानं कळायचं. मला ते फार थोर वाटायचं. आयसीयूत लागल्यावर सुरुवातीला मलाही वाटायचं, की आपल्याही हाताला कळतं. छाती किती गेली, पुरेशी गेली का, हाताला सगळं समजतंय. परवा वडिलांना हे सगळं सांगत बसले होते, ओरडून ओरडून. ते म्हणाले, “हाताला पट्टा कळायचा. पण बाण्याचा, आडवा धागा तुटलेला कुणाच्या हाताला कळतो? त्याला फोर्क असतो. धागा तुटला की माग आपोआप बंद पडतो. हातावर सोडलं असतं तर अर्धा टॉवेल कोरा निघाला असता.” टॉवेलसाठी तो फोर्क कधीचा आला. माणसाच्या छातीसाठी यायला किती उशीर झाला, हे मला त्या दिवशी जरा लागलं.

आणि उशीर झालाच. बंद छातीवरून हृदय दाबता येतं हे 1960 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी लिहिलं. सुरुवात झाली ती कुत्र्यांवरच्या प्रयोगांत. शॉक द्यायचे जड पॅडल छातीवर दाबून धरले की रक्तदाबाची रेघ जराशी उचलली जाते, हे निकरबॉकरच्या लक्षात आलं. शॉकमुळे नाही, नुसत्या दाबण्यामुळे. त्यातून आज जे जगभर चालतं ते उभं राहिलं. पण रुग्णाच्या छातीवर प्रत्यक्षात कसं दाबलं जातं, हे मोजायला पुढची चार दशकं गेली. 2005 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. एक शिकागोच्या विद्यापीठ रुग्णालयातला: 67 रुग्ण, पहिल्या पाच मिनिटांचे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाडून मोजलेले. तिसऱ्या हिश्शाहून जास्त तुकड्यांत दाब उथळ होते, आणि साठ टक्क्यांच्या आसपास तुकड्यांत अँब्यू बॅग, म्हणजे श्वास द्यायची हातातली पिशवी, नको तितक्या घाईनं दाबली जात होती. दुसरा लंडन, स्टॉकहोम आणि नॉर्वेतल्या अँब्युलन्सवरचा. तिथे हृदय बंद असतानाच्या जवळजवळ निम्म्या वेळात छातीवर कुणाचा हातच नव्हता. ही शिकलेली, पगारी, सराव असलेली माणसं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे मॅडम येण्याआधी सगळं नजरेवर चालायचं. कोड लागला, म्हणजे कुणाचं हृदय बंद पडल्याची हाक आली, की दहा माणसं जमणार, त्यातली सहा बघणार. दाबणारा बहुतेक वेळा नवा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, किंवा आमचे वॉर्डमधले मामा. मामांचे दाब सगळ्यांत चांगले असतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते म्हणायचं कसं? ते सफाईचं काम करतात, ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलतात. अंगात ताकद आहे म्हणून दाबतात, असं वरवर बोललं जायचं. मग प्रशिक्षणासाठी मोजणारा पुतळा आला. एकेकानं दोन दोन मिनिटं दाबायचं आणि समोर लॅपटॉपवर दाबांच्या खोलीच्या रेघा उमटायच्या. मामांच्या रेघा एकीला झाकावी दुसरीला काढावी अशा निघाल्या, एकसारख्या. एका मोठ्या डॉक्टरांच्या मधूनच अर्ध्यावर यायच्या. ते हसले, म्हणाले, पुतळा कडक आहे. असेल. पण त्या दुपारनंतर मामा कोडला आले की लोक बाजूला सरकून त्यांना जागा करून द्यायला लागले, एवढा फरक मात्र मी डोळ्यांनी बघितला.

माझ्या स्वतःच्या रेघा पहिल्या मिनिटात ठीक होत्या. मी बुटकी आहे. कॉट कमरेच्या वर येते, मग खांद्यांचं वजन खाली उतरत नाही आणि सगळा जोर दंडावर येतो. पायाखाली पायरी घेतली तर रेघा खाली जातात, काढली की वर येतात. इतकं साधं. वॉर्डमध्ये बुटक्या बायका नेहमीच्याच आणि कॉट उंच, हे इतकी वर्षं सगळ्यांना दिसत होतं, पण रेघेत दिसल्याशिवाय कुणी सुताराला बोलावलं नाही. आता क्रॅश कार्टच्या, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाड्याच्या, शेजारी एक लाकडी पायरी असते. चढताना ती जरा हलते.

मॅडमलाही फसवता येतं, हे पण सांगायला हवं. खाली मऊ गादी असली की दाबताना गादीही दबते आणि चकती ते सगळंच खोलीत धरते. स्क्रीनवर साडेपाच दिसतं, प्रत्यक्षात छाती साडेतीनच गेलेली असू शकते. म्हणून पाठीखाली कडक फळी सरकवायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घातलेली असेल तर तिचा लाल पट्टा ओढून आधी हवा सोडायची. ती हवा फुस्स करून निघते तेव्हा रुग्ण एकदम खाली बसतो. बाहेरून कुणी बघितलं तर दचकेल. फळी सरकवताना हात थांबतो, आणि थांबू द्यायचा नाही, म्हणून एकानं कुशीला धरायचं, एकानं सारायची. कागदावर एका ओळीत बसणाऱ्या या गोष्टीत पहाटे चार वाजता चौघांचे हात एकमेकांत अडकतात.

श्वासनलिकेत ट्यूब टाकलेली असेल तर आणखी एक साक्षीदार असतो. श्वासाबरोबर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. छाती नीट दाबली जात असेल तर रक्त फिरतं, रक्त फिरलं तर फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड येतो, आणि मॉनिटरवरचा आकडा चढतो. दहाच्या खाली रेंगाळला तर दाब सुधारायचे. एकदम वर उसळला तर हृदय स्वतःहून सुरू झालं असण्याची शक्यता. मला हा आकडा चकतीपेक्षा आवडतो. चकती माझ्या हाताबद्दल सांगते, हा त्या माणसाबद्दल सांगतो. शिवाय हा काही बोलत नाही.

आता याचा उपयोग होतो का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ नाही. 2011 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या अँब्युलन्सवर दीड हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास आला. मशीन बोलल्यानं दाब थोडे सुधारले, पण हृदय परत सुरू होण्यात फरक पडला नाही. 2019 मध्ये इराणच्या आयसीयूंमधला आला, तिथे तर मशीन बोलतही नव्हतं. छातीवर ठेवायची एक साधी चीज, पुरेसा दाब पडला की खट् वाजते आणि सोडला की पुन्हा खट्. ती वापरलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त घरी गेले, न वापरलेल्यांपैकी शंभरातले अठ्ठावीस. इतका मोठा फरक बघून मी जरा साशंकच होते. मला सगळ्यांत पटलेला अभ्यास पुन्हा शिकागोचाच, 2008 चा. त्यांनी मशीन तर लावलंच, पण दर आठवड्याला सगळ्यांना एकत्र बसवून मागच्या कोडच्या रेघा समोर ठेवल्या आणि बोलायला लावलं. दाब सुधारले, हृदय परत सुरू होण्याचं प्रमाण 45 टक्क्यांवरून 59 वर गेलं. घरी जाणाऱ्यांची संख्या मात्र वाढली नाही. हे शेवटचं वाक्य लोक सांगायचं विसरतात. मला ते वाक्य असूनही, किंवा असल्यामुळेच, तो अभ्यास खरा वाटतो.

रेघा समोर ठेवून बोलणं आमच्याकडे अजून जमलेलं नाही. एकदा प्रयत्न झाला. चहा मागवला, कांदाभजी मागवली, लॅपटॉप लावला. पहिल्याच रेघेला कुणीतरी विचारलं, “हे कोणाचं?” आणि खोली गप्प झाली. नाव काढून टाकलं तरी वेळेवरून कळतंच, कुणाची पाळी होती ते. त्यानंतर सगळे भजी खात मोबाईलमध्ये बघत बसले.

दरम्यान मॅडमच्या स्पीकरवर कुणीतरी मायक्रोपोरची पट्टी चिकटवली. आधी एक, मग आडवी दुसरी. मी काढायचे, दोन दिवसांनी पुन्हा लागलेली असायची. कुणी लावली ते मी विचारलं नाही, कारण का लावली ते मला कळत होतं. दाराबाहेर वीस-पंचवीस माणसं असतात, त्यात गावाकडून आलेले चार तरुण पुतणे असतात. त्यांना “पुश हार्डर” ऐकू आलं आणि आतून पांढरी चादर बाहेर आली, तर पुढे काय होऊ शकतं हे प्रत्येकानं कुठे ना कुठे बघितलेलं आहे. रुग्णालयातल्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे. त्याची पाटी आमच्या दारावरही लावलेली आहे, लाल अक्षरांत. पाटीनं भीती जात नाही. वरून निरोप आला, आवाज बंद ठेवा, स्क्रीन चालू ठेवा.

इथे मी अडले. दाबणारा स्क्रीनकडे बघत नाही. त्याची नजर स्वतःच्या हातावर असते, नाहीतर रुग्णाच्या चेहऱ्यावर, नाहीतर कुठेच नसते. आवाज बंद करून स्क्रीन चालू ठेवायची म्हणजे रेघा काढून ठेवायच्या, पुढे कुणी विचारलं तर असाव्यात म्हणून. मला तो मुलगा आठवत होता. “कमी पडत होतं का” याचं खरं उत्तर असं होतं, की हो, मधूनमधून पडत होतं, प्रत्येकाचं पडतं, आणि ते तिथल्या तिथे कळावं म्हणूनच ती बाई बोलत होती. बोलल्यावर दाबणारी बदलली, दाब पुन्हा खोल गेले. तरीही तुझे बाबा वाचले नाहीत, कारण आतमध्ये अशा वेळी बहुतेक माणसं वाचत नाहीत, आम्ही काहीही केलं तरी. हे सगळं सहीच्या टेबलापाशी कुणी कुणाला कसं सांगायचं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. पण त्याला ऐकू जाऊ नये म्हणून दाबणाऱ्यालाही ऐकू जाऊ द्यायचं नाही, हा हिशेब मला मान्य नव्हता.

शेवटी तोडगा निघाला तो अर्धवट. आवाज बंद, पण एक माणूस फक्त स्क्रीन वाचायला उभा. त्यानं दुसरं काही करायचं नाही, इंजेक्शन भरायचं नाही, फोन घ्यायचा नाही. “खोल”, “सोडा”, “हळू”, “बदला” एवढंच बोलायचं. हे काम आम्ही मुद्दाम नव्या पोरींना देतो, कारण जुन्या सिस्टरचे हात दुसरीकडे लागतात. पहिल्यांदा उभी राहिलेली पोरगी पंढरपूरकडची, नुकतीच लागलेली. दाबायला सर होते. ती पुटपुटली, “सर, थोडं अजून…” सरांना ऐकू गेलं नाही. मी मागून म्हटलं, “मोठ्यानं म्हण.” तिनं डोळे मिटले आणि ओरडली, “सर, खोल!” सरांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि दाब खाली गेला. नंतर हात धुताना ते मला म्हणाले, “कोण ती? आवाज चांगलाय तिचा.” हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून नक्की कळलेलं नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, की मी दाबत असताना मला कुणी सूचना द्यायच्या नाहीत. त्यांच्या वेळी मामा दाबतात. तेही चालतं.

ड्यूटी चार्टमध्ये मी त्यासाठी एक नवा रकाना आखून घेतलाय, ‘स्क्रीन’ नावाचा. दिवसपाळीत तिथे रोज कुणाचं तरी नाव असतं. रात्रीचा रकाना रिकामा राहतो. रात्री माणसंच इतकी कमी, की एक दाबते, एक बॅग धरते, एक औषध भरते, आणि मामा खाली सीटीला गेलेले असतात. अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करून 2008 मध्ये निघालं होतं, की दिवसा किंवा संध्याकाळी हृदय बंद पडलेल्यांपैकी शंभरात साधारण वीस घरी गेले, रात्री पंधरा. मेट्रननी विचारलं, रात्रीला एक माणूस वाढवून कशाला हवा. मी अर्जात ते दोन आकडे लिहिले. अर्ज अकाउंट्सकडे गेलाय. तोपर्यंत रात्रीपुरती मी पट्टी काढून ठेवते आणि मॅडमचा आवाज चालू करते.